बाळाचा श्वास आणि बाळाचे अंथरूण

भिवंडी शहर मागे टाकून वाड्याच्या रस्त्याला लागले की शेलार लागते. कारभार ग्रामपंचायतीचा, पण दिवसरात्र खडखडाट यंत्रमागांचा. कामासाठी आलेली कितीतरी कुटुंबे इथे एकेका खोलीत राहतात. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत अंथरूण आणि मूल झाले की त्याच खोलीत बाळंतीण. बाप रातपाळीला गेलेला, आई एकटी, आणि कुशीतले आठ दिवसांचे बाळ मध्येच श्वास थांबवल्यासारखे करते. आईच्या काळजाचे पाणी होते. अशा वेळी मोबाईलवर जाहिरात दिसते: बाळाच्या पायात हा मोजा घाला, श्वास थांबला तर यंत्र वाजेल, तुम्ही निर्धास्त झोपा. पोटाला चिमटा काढून का होईना, ते घ्यावे असे कोणालाही वाटेल.

मुख्य गोष्ट आधीच सांगायला हवी. घरी वापरायच्या या यंत्रांमुळे निरोगी बाळाचा झोपेतला मृत्यू टळतो, असे आजवर सिद्ध झालेले नाही. बाळ सुरक्षित राहते ते नीट घातलेल्या अंथरुणामुळे आणि धोक्याची खूण घरच्यांना वेळेवर ओळखता आल्यामुळे. या दोन्ही गोष्टी एका खोलीच्या घरातही जमतात.

बाळाचा श्वास मोठ्यांसारखा नसतो

नवजात बाळ मिनिटाला साधारण ३० ते ६० वेळा श्वास घेते. तो एका लयीत चालत नाही. काही श्वास भरभर घेतले जातात, मग पाच-दहा सेकंद शांतता, मग पुन्हा भरभर. झोपेत हे जास्त जाणवते. त्या शांततेत बाळाचा रंग बदलत नसेल, अंग ढिले पडत नसेल आणि श्वास आपोआप सुरू होत असेल, तर यात काळजीचे कारण नसते. पहिल्या काही महिन्यांत हे हळूहळू कमी होत जाते.

वीस सेकंद किंवा त्याहून जास्त काळ श्वास थांबणे मात्र वेगळे. थांबण्याचा काळ कमी असला, तरी ओठ निळे किंवा चेहरा पांढराफटक पडला, अंग लुळे पडले, तर तोही धोकाच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये असे अधिक घडते, कारण श्वास चालवणारे मेंदूतले केंद्र पुरते तयार झालेले नसते. म्हणून अशा बाळांना रुग्णालयात पेटीत, यंत्राच्या नजरेखाली ठेवतात आणि श्वास स्थिर झाल्यावरच घरी सोडतात.

तिसरी गोष्ट म्हणजे झोपेतला अनपेक्षित मृत्यू, ज्याला जगभर ‘सिड्स’ म्हणतात. वर्षाच्या आतले, वरवर ठणठणीत बाळ झोपेत जाते आणि शवविच्छेदन, घराची पाहणी, आजाराची विचारपूस करूनही कारण सापडत नाही. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात याचा धोका सर्वाधिक असतो. आपल्याकडे तान्ह्या बाळाचे शवविच्छेदन क्वचितच होते. त्यामुळे यातले बरेच मृत्यू कुठे नोंदलेच जात नाहीत.

बाजारात काय मिळते आणि ते काय मोजते

घरगुती यंत्रांचे मुख्य प्रकार तीन. पहिल्या प्रकारात गादीखाली एक पाटी ठेवतात किंवा लंगोटाला चिमटा लावतात. बाळाची हालचाल ठरावीक काळ जाणवली नाही की यंत्र वाजते. दुसऱ्या प्रकारात पायातल्या मोज्यात बसवलेला दिवा रक्तातला ऑक्सिजन आणि नाडीचे ठोके मोजतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेल्या ऑक्सिमीटरचेच तत्त्व इथे असते. तिसरा प्रकार रुग्णालयातल्यासारखा: छातीला पट्टा किंवा चिकटपट्ट्या लावून श्वास आणि ठोके दोन्ही मोजायचे. तो सहसा डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घरी दिला जातो.

हालचाल मोजणाऱ्या पाटीची अडचण समजून घेण्यासारखी आहे. बाळाचे नाक उशीत दबले तर ते श्वासासाठी धडपडते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. पाटीला हालचाल जाणवते, म्हणून ती गप्प राहते. शिवाय ती बाळाच्या स्वतंत्र गादीसाठी बनवलेली असते. आईच्या शेजारी, एकाच अंथरुणावर ठेवली तर आईचा श्वासही तिच्या हिशेबात येतो. पंख्याच्या हादऱ्यानेही काही पाट्या फसतात. मग भिंतीपलीकडे माग चालू असलेल्या खोलीत तिचा भरवसा काय धरायचा?

मोठ्या माणसाच्या बोटाचा ऑक्सिमीटर तान्ह्या बाळाच्या बोटाला किंवा अंगठ्याला लावू नये. तो नीट बसत नाही आणि आकडा चुकीचा दाखवतो. सावळ्या कातडीवर ऑक्सिमीटर ऑक्सिजन प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला होता.

पन्नास वर्षांचा धडा

घरी श्वास मोजला तर बाळ वाचेल, ही कल्पना १९७२ मध्ये अमेरिकेत रुजली. त्या वर्षी एका बालरोगतज्ज्ञाने पाच बाळांवरचा निबंध प्रसिद्ध केला. झोपेत वारंवार श्वास थांबणे हे सिड्सचे कारण असावे, असा त्याचा रोख होता. त्या पाचांपैकी दोन बाळे सख्खी भावंडे होती आणि दोघेही दगावले होते. या निबंधानंतर हजारो घरांत यंत्रे गेली. पुढे १९९५ मध्ये त्या दोन भावंडांच्या आईला आपल्याच मुलांच्या खुनासाठी दोषी ठरवण्यात आले. ज्या उदाहरणांवर कल्पना उभी होती, त्यांचाच आधार गेला.

खरी परीक्षा झाली ती २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात. त्यात १०७९ बाळांचा श्वास आणि हृदयाचे ठोके घरी नोंदवले गेले. यंत्र वाजावे अशा घटना ४१ टक्के बाळांमध्ये घडल्या आणि त्यांत निरोगी, पूर्ण दिवसांची बाळेही होती. अतिगंभीर घटनांमध्ये जिथे श्वास थांबला होता, तिथे सुमारे ७० टक्के वेळा श्वासमार्ग अडल्याच्या खुणा होत्या, म्हणजे छाती हलत होती पण हवा जात नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये गंभीर घटनांचा धोका गर्भधारणेपासून मोजून ४३ आठवड्यांपर्यंत अधिक होता. सिड्सचा धोका वाढतो तो बहुतेक बाळांमध्ये त्यानंतर. दोहोंचा मेळ बसेना. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००३ मध्ये स्पष्ट सांगितले की सिड्स टाळण्यासाठी घरगुती यंत्रे वापरू नयेत. २०२२ च्या सुधारित शिफारशींतही त्यांचे म्हणणे तेच आहे.

मोज्यांचेही तसेच. फिलाडेल्फियातल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये दोन यंत्रे रुग्णालयातल्या यंत्राशी ताडून पाहिली. एकाने कमी झालेला ऑक्सिजन कधी ओळखला, कधी नाही. दुसऱ्याने तो एकदाही ओळखला नाही, उलट ठोके नीट चालू असताना ते मंद दाखवले. असा मोजा बनवणाऱ्या ‘आउलेट’ कंपनीला २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारापत्र पाठवले आणि तिने आपला मोजा तिथल्या बाजारातून काढून घेतला. २०२३ मध्ये तिच्या नव्या मोज्याला परवानगी मिळाली, ती निरोगी बाळाचे ठोके आणि ऑक्सिजन दाखवण्यापुरती. सिड्स टाळण्यासाठी नव्हे.

मृत्यू घटले ते झोपवण्याची पद्धत बदलल्याने

पाश्चात्त्य देशांत एके काळी बाळाला पालथे निजवण्याचा सल्ला सर्रास दिला जात असे. पालथ्या बाळाचे नाक गादीत जाते, सोडलेली हवाच ते पुन्हा आत घेते, अंग तापते आणि श्वास कोंडला तरी त्याला सहज जाग येत नाही. हे लक्षात आल्यावर १९९१ मध्ये न्यूझीलंड आणि ब्रिटनमध्ये, तर १९९४ मध्ये अमेरिकेत बाळाला उताणे निजवण्याची मोहीम झाली. अमेरिकेत दहाएक वर्षांत सिड्सचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. यंत्रांना जे जमले नव्हते, ते एका फुकटच्या सवयीने करून दाखवले.

आपल्याकडे आजीची एक शंका नेहमीची असते. उताण्या बाळाने दूध ओकले तर ते श्वासनळीत जाणार नाही का? शरीराची रचना याच्या उलट आहे. उताण्या स्थितीत श्वासनळी वर आणि अन्ननलिका खाली असते. ओकलेले दूध श्वासनळीत जायला त्याला वर चढावे लागेल. पालथ्या स्थितीत मात्र श्वासनळीच खाली येते. म्हणून दूध पाजावे, खांद्यावर घेऊन ढेकर काढावी आणि उताणेच निजवावे. कुशीवरचे बाळ कलंडून पालथे होते, त्यामुळे कुशीवर निजवणेही नको.

गडचिरोलीचे मणी

घरातच बाळाचा श्वास मोजून जीव वाचवण्याचे सर्वांत भक्कम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांना दिसले की गावातली बाळे न्यूमोनियाने जातात, आणि न्यूमोनियाची साधी खूण म्हणजे वाढलेला श्वास. पण ज्यांनी तो मोजायचा, त्यांपैकी अनेकींना साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग बंग दांपत्याने मण्यांचे एक साधन बनवले. शेजारी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात, तर बाळाचा श्वास जास्त आहे, उपचार हवेत.

पुढे १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांतल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्यात आले. बाळाला ऊब देणे, स्तनपान नीट लावून देणे, जन्मतः न रडणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखून त्यावर उपचार करणे, हे सगळे त्या घरी जाऊन करत. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंमध्ये, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्के घट झाली. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापले. २०११ पासून हीच पद्धत आशा सेविकांमार्फत देशभर राबवली जाऊ लागली.

हे मणी सिड्ससाठी नव्हते, न्यूमोनियासाठी होते. पण आपल्या भागात नवजात बाळे अधिक करून दगावतात ती कमी वजन, जन्मताना गुदमरणे आणि जंतुसंसर्ग यांमुळे. तिथे शिकलेल्या बाईची नजर कामाला येते. शिवाय ती नजर श्वास मोजून थांबत नाही, पुढे काय करायचे हेही तिला ठाऊक असते.

तुम्ही श्वास कसा मोजाल

बाळ शांत किंवा झोपलेले असू द्या. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. झबले वर करा, पोट दिसेल एवढा उजेड घ्या. पोट वर येऊन खाली गेले की एक श्वास. मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण बाळाची लय सारखी नसते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास ६० किंवा जास्त भरला तर पुन्हा एक मिनिट मोजा. पुन्हा तितकाच आला तर लगेच दवाखाना गाठा. दोन महिने ते वर्षभराच्या बाळासाठी ही मर्यादा ५०.

आकडा काहीही असो, पुढच्या खुणा दिसल्या तर वाट पाहू नका:

- श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे
- कण्हल्यासारखा आवाज, नाकपुड्या फुगणे
- ओठ किंवा जीभ निळसर होणे
- दूध ओढणे बंद होणे, रडणे क्षीण होणे
- अंग तापणे किंवा गार पडणे
- झटके येणे, बाळ निपचित पडणे

एका खोलीतले सुरक्षित अंथरूण

*गादी.* घट्ट आणि सपाट हवी. हात दाबला तर खड्डा पडू नये. जमिनीवर चटई आणि तिच्यावर घट्ट घडी घातलेली चादर हे फोमच्या मऊ गादीपेक्षा बरे. चादर खाली नीट खोचा.

*उशी.* वर्षभर उशी नको, मोहरीचीही नको. डोके गोल व्हावे म्हणून ती घेतली जाते. त्यासाठी बाळ जागे असताना, समोर बसून त्याला रोज थोडा वेळ पोटावर ठेवा आणि निजवताना डोक्याची बाजू बदलत राहा.

*मच्छरदाणी.* शेलारच्या डासांत ती हवीच. पण छत्रीसारख्या मच्छरदाणीसोबत मऊ गादी आणि उशीचा संच येतो, तो बाजूला काढा. जाळी ताणलेली असावी, बाळाच्या तोंडावर लोंबू नये.

*दुपटे आणि कुंची.* छाती आवळेल असे बांधू नका. पाय सरळ ओढून बांधल्यास खुब्याचा सांधा निखळू शकतो. बाळ कूस बदलू लागले की बांधणे बंद. वजन घातलेली पांघरुणे कधीच नकोत. पूर्ण दिवसांच्या, चांगल्या वजनाच्या बाळाला आपल्यापेक्षा एखादाच कपडा जास्त पुरतो. मानेला घाम असेल तर बाळाला उकडते आहे. उन्हाळ्यात झोपेत टोपडे काढा. कमी वजनाच्या बाळाला मात्र ऊब लागते. त्याच्यासाठी आईच्या उघड्या छातीशी धरण्याची कांगारू पद्धत उत्तम, पण ती आई जागी असताना किंवा कोणी लक्ष ठेवून असताना.

*झोळी.* साडीच्या झोळीत बाळ कमानीसारखे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला झोळी नकोच. इतरांना झोळीत शांत करा आणि झोप लागली की सपाट अंथरुणावर उताणे ठेवा.

*शेक, धुरी आणि तंबाखू.* बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. ओव्याची धुरी, डासांची कॉइल, विडी-सिगारेट यांचा धूर बाळाच्या खोलीत नको. गरोदरपणात मशेरी लावल्याने बाळाचे वजन घटते, म्हणून तीही सोडायला हवी.

*दूध आणि लस.* आईचे दूध सिड्सचा धोका कमी करते. लसींमुळे तो वाढत नाही. वेळच्या वेळी लस घ्या.

सगळे एकाच अंथरुणावर झोपत असतील तर

बाळाने आईच्या खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर झोपावे, निदान सहा महिने, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. एका खोलीच्या घरात पाळणा मावत नसेल, तर जमिनीवर आईच्या अंथरुणालगत बाळाचे छोटे, घट्ट अंथरूण घाला. हात लांबवला की बाळ लागले पाहिजे. भिंत आणि गादी यांच्यात फट नको. बाळ आई-बाबांच्या मध्ये, एकाच गोधडीखाली नको. मोठ्या भावंडाशेजारीही नको.

घरातले कोणी दारू घेतलेले असेल, विडी-सिगारेट ओढत असेल, झोपेचे औषध घेत असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे वा कमी वजनाचे असेल, तर एकाच अंथरुणावर झोपणे पूर्ण टाळा. बारा तासांच्या पाळीवरून आलेल्या बापाने बाळाला छातीवर घेऊन आडवे होऊ नये. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळासह डोळा लागणे हे सर्वांत धोक्याचे.

यंत्र कोणाला खरोखर लागते

काही बाळांना ते लागते. फुप्फुसाच्या आजारामुळे घरी ऑक्सिजनवर असलेले बाळ, गळ्यात श्वासासाठी नळी बसवलेले बाळ, श्वास वारंवार थांबणारे अपुऱ्या दिवसांचे बाळ यांना डॉक्टर यंत्र लिहून देतात. तेव्हा ते वैद्यकीय दर्जाचे असावे, किती दिवस वापरायचे ते आधी ठरवून घ्यावे आणि घरातल्या निदान दोघांनी श्वास देण्याचे प्रशिक्षण घ्यावे. वीज गेल्यावर ते किती वेळ चालते, हेही विचारून घ्या.

यंत्र वाजले किंवा बाळ निपचित दिसले तर

आधी बाळाकडे पाहा, यंत्राकडे नंतर. रंग कसा आहे, पोट हलते का? तळपायावर टिचकी मारा, पाठ चोळा, हाक मारा. बाळाला गदागदा हलवू नका, त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. प्रतिसाद नसेल तर शेजाऱ्यांना हाक मारून १०८ ला फोन लावायला सांगा. बाळाला सपाट जागी उताणे ठेवा, डोके सरळ धरा, आपल्या तोंडाने त्याचे नाक आणि तोंड दोन्ही झाकून, छाती वर येईल एवढाच हलका श्वास द्या आणि शिकल्याप्रमाणे छाती दाबणे सुरू करा. हे वाचून येत नाही. प्रसूतीनंतर घरी सोडण्याआधी परिचारिकेकडून दाखवून घ्या. बाळ सावरले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पैसे आणि लक्ष कुठे घालावे

रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एक भेट असते. या भेटीला पैसे पडत नाहीत. त्या आल्या की दारातून परत पाठवू नका. बाळाचे वजन करून घ्या, श्वास तुमच्यासमोर मोजून घ्या, अंथरूण दाखवा आणि मनातली भीती बोलून टाका. भाड्याच्या खोलीत नव्याने आलेल्या बाईला आपली आशाताई कोण हे ठाऊक नसते. शेजारणीने ते तिला सांगावे.

यंत्रासाठी बाजूला काढलेले पैसे बाळंतिणीच्या खाण्यावर आणि अडीअडचणीला दवाखान्यात जायच्या रिक्षाभाड्यावर खर्च करा. आणि आज रात्री निजण्याआधी एवढेच पाहा: बाळ उताणे आहे, अंथरूण सपाट आहे, तोंडाजवळ काही नाही, खोलीत धूर नाही.